बांधून आलेलं इंजिन पद्मिनीत बसवताना

मशीन शॉपमधून इंजिन बांधून आलं की वाटतं, कठीण काम संपलं. आता नुसतं बसवायचं आणि सेल्फ मारायचा. मलाही तसंच वाटलं होतं. प्रत्यक्षात बांधलेल्या इंजिनाची वाट लागते ती बहुतेक वेळा बसवताना, नाहीतर पहिल्या अर्ध्या तासात. तीही कुठल्या मोठ्या चुकीने नाही, एखादी वायर, एखादं चिंधूक, एखादा चुकीच्या भोकात गेलेला बोल्ट.

आमची गाडी १९७८ ची प्रीमियर पद्मिनी. १,०८९ सीसी, चार सिलिंडर, लोखंडी ब्लॉक आणि अॅल्युमिनियमचं हेड. मूळची फियाट ११००, जी कुर्ल्यात १९६४ पासून 'डिलाइट' म्हणून, मग 'प्रेसिडेंट' म्हणून आणि १९७४ पासून 'पद्मिनी' म्हणून बनत राहिली. मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी होती तोवर हे इंजिन डोळे मिटून खोलणारे मिस्त्री गल्लोगल्ली होते. ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून हटली आणि ते हातही पांगले. म्हणून हे लिहितोय. गाडी पद्मिनी नसून अॅम्बॅसेडर किंवा जुनी जीप असली, तरी यातलं बरंचसं लागू पडेल. आकडे मात्र आपापल्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधले घ्या.

१. आधी कागद

हे पहिलं, कारण इथे चुकलात तर पुढचं सगळं चोख करूनही गाडी पार्किंगमध्येच राहील.

तुमचाच ब्लॉक परत आला असेल तर इंजिन नंबर तोच राहतो आणि कागदांत काही बदलत नाही. पण जुनं इंजिन घेऊन गेलात की काही ठिकाणी सांगतात, "साहेब, महिनाभर कशाला थांबता? आमच्याकडे तयार आहे, तुमचं ठेवा, हे घेऊन जा." मोह होतो. पण बदली इंजिनाचा नंबर आरसी बुकाशी जुळत नाही. इंजिन बदलायचंच असेल तर आरटीओची मंजुरी घेऊन नवा नंबर आरसीवर चढवावा लागतो आणि त्यासाठी इंजिन कुठून आलं याचं बिल लागतं. भंगारातून उचललेल्या इंजिनाचं बिल कोण देणार? खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. तिथे नंबर पाहिले जातात. अपघाताच्या क्लेमच्या वेळीही पाहिले जातात.

दुसरी बारीक गोष्ट. ब्लॉक साफ करून रंगवताना नंबर रंगाखाली जातो, कधी घासला जातो. इंजिन पाठवण्याआधी नंबरचा फोटो आणि पेन्सिल प्रिंट घ्या. परत आल्यावर गाडीत घालण्याआधी पुन्हा तपासा, कारण आत गेल्यावर तिथे मान जात नाही.

जवळ ठेवा: आरसी, चालू विमा, पीयूसी, मशीन शॉपचं तपशीलवार बिल, नंबरचे फोटो.

आणि 'व्हिंटेज' हा शब्द आपण सैलपणे वापरतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली गाडीच व्हिंटेज. तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण मग ती गाडी रोज भाजी आणायला नेता येत नाही. गाडी चालवायची हौस असेल तर हा नंबर घेण्याआधी दोनदा विचार करा.

२. मशीन शॉपकडून काय विचारून घ्यायचं

बिलावर "इंजिन काम – एकूण" एवढंच लिहिलेलं चालणार नाही. पिस्टन किती थाउ (इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइज, क्रँक किती थाउ घासला, मेन आणि कनेक्टिंग रॉडची बेअरिंग कोणत्या साइझची, हेड फेस केलं (घासून सपाट केलं) का, कॅमशाफ्ट आणि टॅपेट नवे की जुने, हे सगळं लिहून घ्या. मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ६८ मिलिमीटर. २० थाउ वाढवला की साधारण ६८.५. (हिशेबाने इंजिन ११०५ सीसीच्या आसपास जातं. आरसीत १०८९ च असू द्या.) पाच वर्षांनी पुन्हा कोणी हे इंजिन उघडेल तेव्हा हा कागद सोन्यासारखा वाटेल.

इंजिन ताब्यात घेताना प्लग काढून पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावा आणि दोन पूर्ण फेऱ्या हाताने फिरवा. नव्या पिस्टन रिंगांमुळे जड लागेल, पण सगळीकडे सारखंच जड लागलं पाहिजे. एका जागी अडकल्यासारखं वाटलं तर तिथूनच परत द्या. घरी आणल्यावर भांडणाला अर्थ उरत नाही.

३. हत्यारं आणि सामान

घरी करणार असाल तर अर्धा टनी चेनकप्पी (इंजिन उचलायची साखळीची कप्पी), तीही लोखंडी गर्डरला टांगलेली. पार्किंगच्या पत्र्याच्या शेडचा पाइप हा गर्डर नव्हे. आमच्या सोसायटीच्या चेअरमनांनी तो पाइप देऊ केला होता. त्यांचे आभार मानून आम्ही चाकांचा इंजिन क्रेन दिवसाच्या भाड्याने आणला.

बाकी: दोन जॅक आणि घोडे (जॅक स्टँड), रिंग व बॉक्स पाने, टॉर्क पाना (उसना आणा, पण आणाच), फिलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या), बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प, तेलाची कुप्पी, आग विझवायचं सिलिंडर.

नवं घ्यायचं सामान: क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग, इंजिनची फाउंडेशन रबरं (ज्यांवर इंजिन टेकतं ती), सगळे पाण्याचे होज आणि क्लिपा, पेट्रोलचे पाइप, फॅन बेल्ट, प्लग, पॉइंट, कंडेन्सर, ऑइल फिल्टर, थर्मोस्टॅट, पॅकिंगचा पूर्ण सेट.

पेट्रोलचे पाइप का, ते सांगतो. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुनं रबर त्याने फुगतं, मऊ पडतं आणि मग तडकतं. गरम मॅनिफोल्डच्या शेजारून गेलेला पेट्रोलचा पाइप तडकला तर काय होईल ते सांगायला नको. इथेनॉल सोसणारा पाइप मागून घ्या. पेट्रोल पंपाचा डायफ्रॅमही बदला.

सामान पुण्यात नाना पेठेत बरंच मिळतं. बाकी बारीकसारीक गोष्टींसाठी बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईकरांना कुर्ल्याची सीएसटी रोडची बाजू. जुन्या स्टॉकमधलं रबर "ओरिजिनल आहे" म्हणून विकतात. असेलही ओरिजिनल, पण चाळीस वर्षं डब्यात पडलेलं. रबर नेहमी नवं, लोखंड हवं तर जुनं.

४. इंजिन बाहेर असतानाच करून टाकायची कामं

रिकामी इंजिन बे हे भाग्य आहे, पुन्हा मिळणार नाही. वायरिंगचे तुटके इन्शुलेशन, गंजलेला बॅटरी ट्रे, ब्रेकच्या नळ्या आत्ताच बघा. रेडिएटर उलटा धुऊन घ्या. जुन्या इंजिनातला गंज त्यातच बसलेला असतो आणि तो नव्या इंजिनाच्या वॉटर जॅकेटमध्ये जातो. ब्लॉकच्या बाजूला पत्र्याच्या गोल टोप्या असतात, कोअर प्लग. मशीन शॉपने बदलले नसतील तर आत्ताच बदला. फायरवॉलच्या बाजूचा प्लग गळायला लागला तर इंजिन परत बाहेर काढायची पाळी येते.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह. त्याबद्दल वाद होईल. आपल्याकडे मिस्त्री तो सरसकट काढून फेकतात, "गरम देशात काय करायचाय?" म्हणत. तो नसला तर इंजिन तापायला फार वेळ घेतं, थंड इंजिनाला चोक जास्त लागतो आणि जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतं. नव्या रिंगांना हे सर्वांत वाईट. नवा थर्मोस्टॅट उकळत्या पाण्यात टाकून उघडतो का बघा, आणि बसवा.

५. क्लच सेंटर करणं आणि गिअरबॉक्सशी गाठ

इथे सर्वांत जास्त वेळ जातो आणि इथेच माणसं घायकुतीला येतात.

गिअरबॉक्स गाडीतच ठेवून इंजिन एकटं वरून घालायचं असेल तर गिअरबॉक्सच्या पोटाखाली जॅक लावून तो साधारण मूळ उंचीवर धरा. क्लच प्लेट फ्लायव्हीलवर लावताना ती बरोबर मध्ये बसली पाहिजे. त्यासाठी भंगारातल्या गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट मिळाला तर उत्तम. तो प्लेटमधून पुढे क्रँकच्या टोकाच्या पायलट बुशमध्ये घालून ठेवा आणि मगच प्रेशर प्लेटचे बोल्ट आलटून-पालटून, थोडे थोडे आवळा. शाफ्ट सहज निघाला आणि सहज गेला, तर प्लेट मध्ये आहे. प्लेट बसवण्याआधी फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट थिनरने पुसा. तेलकट बोटाचा ठसासुद्धा नंतर क्लच थरथरवतो. पायलट बुश जुना असेल तर तोही बदला. पाच मिनिटांचं काम आहे, फक्त इंजिन बाहेर असताना.

बॉनेट काढताना बिजागऱ्यांभोवती मार्करने रेघ मारा. रेडिएटर बाहेर. फेंडरवर जुनी गोधडी टाका.

आता इंजिन उचला. मागचं टोक किंचित खाली ठेवून आत घ्या. एक जण कप्पीवर, एक जण इंजिनला हात लावून, एक जण खाली वाकून सांगणारा. सांगणारा एकच. आमच्याकडे तिघेही सांगत होते आणि तासाभरात कोणीच कोणाशी बोलेनासं झालं. टांगलेल्या इंजिनाखाली हात किंवा पाय नको, साखळी कितीही भरवशाची असो.

शाफ्टचे दाते क्लच प्लेटच्या दात्यांत जात नसतील तर गाडी चौथ्या गिअरमध्ये टाका आणि कोणाला तरी क्रँकची पुली अगदी थोडी फिरवायला सांगा. दाते जुळले की इंजिन स्वतःहून मागे सरकतं. शेवटचा अर्धा इंच राहिला की सगळ्यांना मोह होतो तो बेलहाउसिंगचे (गिअरबॉक्सच्या इंजिनाकडच्या घंटेसारख्या तोंडाचे) बोल्ट लावून आवळून खेचून घ्यायचा. असं करू नका. अॅल्युमिनियमचा कान तुटतो, नाहीतर क्लच प्लेटचा हब वाकतो. अर्धा इंच राहतो कारण कोन जुळलेला नसतो. जॅक एक-दोन सूत वर-खाली करून बघा. आणि इंजिन अर्धवट जोडलेलं सोडून चहाला जाऊ नका, कारण तेवढा वेळ गिअरबॉक्सचा किंवा इंजिनाचा भार त्या एका शाफ्टवर, म्हणजे क्लच प्लेटवर पडतो.

बेलहाउसिंगचे बोल्ट सगळे सारख्या लांबीचे नसतात. काढताना पुठ्ठ्यावर गाडीचा आकार काढून ज्या त्या जागी टोचून ठेवले असतील तर आत्ता त्याचा उपयोग. आधी सगळे बोल्ट हाताने, मग फाउंडेशन, मग शेवटचं आवळणं.

६. जोडण्या, आणि ती एक वायर

मॅनिफोल्ड, सायलेन्सरचा पाइप, सेल्फ, डायनॅमो किंवा आल्टरनेटर, एक्सलेटरची जोडणी, चोकची केबल, होज. काढताना मोबाइलवर घेतलेले फोटो समोर ठेवा आणि त्याप्रमाणे लावा. याबद्दल लांबण लावत नाही.

एक सोडून. इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये तांब्याची विणलेली जाड पट्टी असते, अर्थिंगची. इंजिन रबरावर बसलेलं असतं, त्यामुळे सेल्फचा सगळा करंट परत जायला हीच वाट. आम्ही ती विसरलो. सेल्फ मारला, इंजिन जेमतेम हललं आणि डॅशबोर्डमधून धूर आला. अर्थिंगला दुसरी वाट मिळाली होती, चोकच्या केबलची. ती तापून लाल झाली होती. बॅटरीची पिन ओढून काढली म्हणून निभावलं. तेव्हापासून मी बॅटरी जोडण्याआधी हात घालून ती पट्टी चाचपतो. तिच्या दोन्ही टोकांचा रंग आणि गंज खरवडून उघड्या धातूवर ती बसवा. नव्याने रंगवलेल्या ब्लॉकवर रंगावरच बसवली तर ती नसल्यासारखीच.

दुसरी खोड चिंध्यांची. कार्ब्युरेटर, मॅनिफोल्ड, पाण्याची तोंडं आपण चिंध्या कोंबून झाकतो. पाच कोंबल्या तर पाच परत मोजा. लाल किंवा पिवळ्या कापडाच्या घ्या, दिसायला सोप्या.

७. टायमिंग

पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवा आणि इंजिन फिरवायला सांगा. अंगठा हवेने उडाला की तो कॉम्प्रेशनचा फेरा. पुढे पुलीवरची खूण जुळवा. आता डेल्कोचा (डिस्ट्रिब्यूटरचा) रोटर पहिल्या सिलिंडरच्या वायरीकडे बघत असला पाहिजे. तिथून फायरिंग ऑर्डर १-३-४-२. अंगठ्याची पायरी गाळून नुसती खूण जुळवली तर डेल्को अर्धा फेरा उलटा बसण्याची शक्यता निम्मी आहे, आणि मग इंजिन चालू न होता कार्ब्युरेटरमधून भडका मारतं.

पॉइंटचा गॅप फिलर गेजने लावा, टेस्ट लॅम्प पॉइंटला जोडा आणि डेल्को हळू फिरवत दिवा पेटेल त्या जागी आवळा. चालू होण्यापुरतं एवढं पुरतं. बारीक सेटिंग नंतर टायमिंग लाइटने.

८. पहिला स्टार्ट

सकाळी करा. सहा वाजता नाही, शेजाऱ्यांचा विचार करून नऊ वाजता.

साधं मिनरल २०डब्ल्यू-४० तेल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत. ऑइल फिल्टर उभा बसत असेल तर आधी तेलाने भरून घ्या. रेडिएटरमध्ये कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, वरचा होज दाबत दाबत, एअर निघेपर्यंत.

मग चारही प्लग काढा, कॉइलची वायर काढा आणि सेल्फ मारा. दहा सेकंद, मग अर्धा मिनिट थांबा, पुन्हा दहा सेकंद. प्लग नसल्यामुळे बेअरिंगवर ताण नसतो आणि तेलाचा पंप भरतो. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत हेच करत राहायचं. आमच्याकडे सहाव्या वेळी विझला. विझलाच नाही तर इंजिन चालू करायचं नाही, कितीही पाहुणे जमलेले असोत. पंपाने तेल धरलेलं नाही, आधी ते शोधा. एकदा का इंजिन कोरडं फिरलं, की महिनाभराचं मशीन शॉपचं काम तीस सेकंदांत घासलं जातं.

दिवा विझला की प्लग लावा, कॉइल जोडा, पेट्रोल पंपाची हाताची खिट्टी असेल तर ती हलवून कार्ब्युरेटर भरून घ्या. चोक ओढा. चालू झालं की चोक लगेच कमी करा आणि एक्सलेटर दीड ते दोन हजार आरपीएमवर धरा. वीस मिनिटं. मंद आयडलिंगवर सोडू नका. कॅमशाफ्टला तेल मिळतं ते बरंचसं क्रँकने उडवलेल्या शिंतोड्यांतून, आणि आयडलिंगला शिंतोडे कमी. कॅम किंवा टॅपेट नवे असतील तर ही वीस मिनिटं फार मोलाची.

या वेळात एक जण लाल दिव्यावर आणि तापमानावर नजर ठेवून, एक जण टॉर्च घेऊन इंजिनाखाली-वर गळती शोधत, आग विझवायचं सिलिंडर हाताशी. सायलेन्सरमधून निळसर धूर, रंगाचा वास, मॅनिफोल्डवरून वाफ, हे सुरुवातीला चालतं. असेंब्लीचं तेल जळत असतं. खडखड आवाज किंवा लाल दिवा पेटणं चालत नाही. त्या क्षणी चावी बंद.

बंद केल्यावर रात्रभर थंड होऊ द्या. दुसऱ्या दिवशी हेडचे बोल्ट मॅन्युअलमधल्या क्रमाने, मधून बाहेर, टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. अॅल्युमिनियमचं हेड गरम असताना आवळायचं नाही. बोल्टचा टॉर्क बदलला की टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्हजवळची फट) बदलतो, म्हणून त्यानंतर टॅपेट पुन्हा सेट करा.

९. पहिले पाचशे किलोमीटर

"पन्नासच्या वर नेऊ नका" एवढंच सगळे सांगतात. ते अर्धंच आहे. एका वेगात तासभर चालवणंही वाईट. रिंगा सिलिंडरला बसतात त्या दाबाने, म्हणून तिसऱ्या गिअरला पस्तीसवरून पन्नासपर्यंत बेताने ओढा, मग एक्सलेटर सोडून गाडी आपोआप मंद होऊ द्या. पुन्हा तेच. पहाटेचा मोकळा रस्ता बघा. खंबाटकी आणि कात्रजचा घाट या पाचशेत नको, संध्याकाळची हिंजवडीची वाट तर नकोच. रोज निघण्याआधी तेल आणि पाणी बघा. सुरुवातीला तेल थोडं खाल्लं जातं, रिंगा बसल्या की थांबतं.

दोनेकशे किलोमीटर झाले की पीयूसीवाल्याकडे जा, नुसत्या प्रमाणपत्रासाठी नाही. त्याच्या मशीनवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) बघत कार्ब्युरेटरचं मिक्श्चर लावता येतं. या जुन्या गाड्यांना आयडलिंगला तीन टक्क्यांची मर्यादा आहे.

पाचशे झाले की इंजिन गरम असतानाच तेल पांढऱ्या टबात काढा, फिल्टर बदला. तेल उन्हात धरून बघा. बारीक करडी चमक असेल तर ती रिंगा आणि सिलिंडर एकमेकांना घासून बसल्याची. सोनेरी किंवा तांबूस कण दिसले तर बेअरिंगचं आहे. तेल बाटलीत भरून ठेवा, गाडी बंद ठेवा आणि बिल घेऊन मशीन शॉपला जा.